हातावर ॲसिड, टाकीत पाणी

असं ठरलं होतं:

बर्नाडेट दुपारी येणार. दार वाजवायच्या आधी ती घरामागे जाणार आणि पाण्याच्या टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करणार. टाकी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो, रिकामी असेल तर ढोलासारखा. मग आत येऊन दिवे लावून बघणार, फ्रीज उघडून बघणार आणि सगळ्यात शेवटी आईकडे बघणार.

सगळं ठीक असेल तर ओडेलिया माएस्तास हा हिवाळाही आपल्या घरात काढणार. नसेल तर अल्बुकर्की शहरात, मुलीच्या घरातल्या मागच्या खोलीत. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते. भिंतीला खिडकी नाही.

बर्नाडेटने हे फोनवर सांगितलं होतं आणि ही अट नाही, काळजी आहे, असंही सांगितलं होतं. ओडेलियाच्या मते काळजी आणि अट यांच्यात एवढाच फरक असतो की अट नाकारता येते.

तेव्हा तयारी झाली. शेजारच्या व्हर्जिलने आदल्या दिवशी गावातल्या विहिरीवरून ट्रेलरने पाणी आणून टाकी काठोकाठ भरली होती. चुलीवर बीन्स शिजत होते, हिरव्या मिरच्या भाजून, सोलून झाल्या होत्या. ओडेलियाने ठेवणीतला पांढरा, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता. राहिल्या होत्या फक्त बॅटऱ्या.

असं झालं:

ओडेलिया राहते त्या पठारावर विजेची तार येत नाही. छपरावर सौर पॅनेल आणि घरामागे लाकडी पेटीत ओळीने बॅटऱ्या. या बॅटऱ्यांना अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागतं, आणि ते चार्जिंग झाल्यावर पाजायचं असतं. आधी पाजलं तर ऊन चढल्यावर आतलं ॲसिडमिश्रित पाणी फुगतं आणि बुचांतून बाहेर येतं. हे ओडेलियाला ठाऊक होतं. पण तिला सकाळीच मोकळं व्हायचं होतं. शिवाय तिने बॅटरीचा प्रत्येक कप्पा, म्हणजे सेल, गळ्यापर्यंत भरला, कारण भरलेली वस्तू मुलीला भरलेली दिसली पाहिजे.

ऊन चढलं. बॅटऱ्यांच्या डोक्यावर ओल आली, आतून बुडबुडे ऐकू येऊ लागले. ओडेलियाने स्वयंपाकघरातून नळी आणली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी टर्की भाजताना तिच्यावर तिचाच रस शिंपडायला जी वापरतात ती, एका टोकाला रबरी फुगा असलेली. फुगा दाबायचा, नळी सेलमध्ये बुडवायची, फुगा सोडायचा, जास्तीचं वर ओढून बरणीत टाकायचं. पठारावर सगळे असंच करतात आणि थँक्सगिव्हिंगला एकमेकांकडे जेवायला जाताना तो विषय काढत नाहीत.

डोळ्यांवर मोठा चष्मा होता. रबरी हातमोजे होते. ते धुऊन खिळ्याला अडकवले होते, बर्नाडेटला आल्याआल्या दिसतील असे.

तिसऱ्या बॅटरीपाशी फुगा बोटांतून निसटला.

डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत भिजली. दुखलं नाही. ॲसिडचं हेच वाईट, ते आल्याआल्या आपली ओळख देत नाही. आधी गार लागलं. मग चावरी मुंगी फिरावी तसं काहीतरी. ओडेलियाने बाही वर सारली, म्हणजे दंडालाही थोडं लावून घेतलं, आणि ती हात धुवायला गेली.

आता इथे पठारावरची रीत आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे पाणी एकदा वापरून मरत नाही. तोंड धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडाला. पाहुणा आला तर फुलं आणत नाही, कॅन भरून पाणी आणतो. उघड्या जमिनीवर स्वच्छ पाणी ओतणाऱ्याकडे लोक देवळात शिवी दिल्यासारखं बघतात. ओडेलिया तर यातली शंकराचार्य. उकडलेल्या अंड्यांचं पाणी तिने एकदा थंड करून परत पुढच्या अंड्यांना वापरलं होतं, आणि ते व्हर्जिलला अभिमानाने सांगितलं होतं.

म्हणून तिने हात धुतला तो परातीवर. टाकीतून एक मग पाणी घेतलं, हातावर ओतलं. ते परातीत पडलं. तोच मग परातीत बुडवला, परत हातावर ओतला. असं बराच वेळ, मन लावून, एक थेंबही इकडे तिकडे न सांडता. ॲसिड एका बाजूने खाली जात होतं आणि मगातून वर येत होतं.

कसं धुतलं म्हणाल तर कोणीही नाव ठेवलं नसतं.

व्हर्जिल आला तो कॅन घेऊन. ओडेलियाकडे पाहुणे येणार म्हणजे पाणी लागणार, एवढा हिशेब त्यालाही कळत होता. हा मूळचा कॅन्ससचा, निवृत्त ट्रकवाला. शांततेसाठी पठारावर आला आणि तेव्हापासून सलग बोलतोय. पण आता त्याने आधी कॅन खाली ठेवला.

"काय चाललंय बाई?"

"हात धुतेय."

"काय लागलंय हाताला?"

"बॅटरीचं पाणी."

व्हर्जिलने परातीकडे पाहिलं. बाहीकडे पाहिलं. बाहीला बारीक बारीक भोकं पडायला लागली होती, पांढऱ्या कापडावर पिवळट कडा असलेली. हातावर कोपराखाली लाल पट्टा होता आणि त्यात मध्ये एक पांढुरका डाग. लाल तेवढं वाईट नसतं, हे पांढरं बरं नव्हतं.

"आणि धुताय कशात?"

"पाण्यात."

"कुठल्या?"

ओडेलिया उत्तर द्यायला परातीकडे वळली आणि तिथेच थांबली. तिने हातातला मग हळूच परातीच्या काठावर ठेवला. तो घसरला आणि पाण्यात पडला.

"बाई," व्हर्जिल म्हणाला, "तुम्ही ॲसिडने ॲसिड धुताय."

"पातळ झालंय ते."

"हो. आणि सगळीकडे लागलंय."

त्याने परात लाथेने उलटी केली. मग टाकीपाशी गेला, बागेची रबरी नळी तोटीला लावली आणि तोटी सोडली.

पाणी चालू.

आधी पाणी, मग चर्चा, असं तो म्हणाला आणि खिळ्यावरचे हातमोजे स्वतःच्या हातात चढवले. ओडेलियाचा हात पुढे खाली झुकवून धरला, म्हणजे कोपरावर पडलेलं पाणी बोटांवरून खाली जाईल, अंगावर नाही. पाय बाजूला घ्यायला लावले. तिने कापडी चपला घातल्या होत्या आणि जमिनीवर वाहणारं पाणी कुठे जातंय हे पाहण्यात ती गुंग होती. पाणी वाळूत जात होतं. वाळू ते पीत होती आणि आभार मानत नव्हती.

"बादली तरी ठेव," ती म्हणाली.

"नाही."

"झाडाला नको, नुसती ठेव."

"बादली ठेवली की तुम्ही तो मग तिच्यात बुडवणार."

पठारावर फोनला एकाच जागी रेंज येते, ती टाकीच्या मागे. व्हर्जिलने विषबाधेच्या मदतीचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून टाकीच्या चौथऱ्यावर ठेवला. पलीकडे एक बाई होती. तिने आपलं नाव मार्लीस सांगितलं. आवाज असा की समोरचं घर जळत असलं तरी ही आधी पिनकोड विचारील.

मार्लीसने विचारलं, डोळ्यांत गेलंय का. नाही. तोंडात, नाकात? नाही. श्वास घ्यायला त्रास? ओडेलिया म्हणाली, त्रास होतोय, पण तो पाणी बघून. मार्लीस म्हणाली, ते चालेल.

पाणी चालू आहे का? चालू आहे. निदान अर्धा तास चालू राहिलं पाहिजे. जोराचा फवारा नको, नुसतं वाहतं. मध्ये थांबवायचं नाही.

अर्धा तास हे ऐकून ओडेलियाने व्हर्जिलकडे असं पाहिलं, जणू हा आकडा त्यानेच पलीकडे पुरवला होता.

अंगावर भिजलेलं कापड आहे का? आहे. काढा. ओडेलियाने मोकळ्या हाताने ब्लाउजचा गळा धरला, डोक्यावरून काढायला.

"डोक्यावरून नको," मार्लीस म्हणाली. तिला दिसत नव्हतं, पण लोक काय करतात ते तिला पाठ असावं. "तोंडाला, डोळ्यांना लागेल. कापा."

"ब्लाउज आहे हो तो."

"कापा."

व्हर्जिलने आतून कात्री आणली. ओडेलियाने सांगितलं की शिवणीवरून काप, म्हणजे पुन्हा जोडता येईल. व्हर्जिलने शिवणीवरून कापायला सुरुवात केली आणि मोती लावलेली दोन बटणं वाळूत पडली. आता ओडेलिया आतल्या बिनबाह्यांच्या झग्यात, टाकीशेजारी, उन्हात, हात पुढे करून उभी होती. व्हर्जिल समोरच्या डोंगराकडे बघत नळी धरून होता. त्याने डोंगराकडे इतका वेळ पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

हातात अंगठी आहे का? आहे. काढा, तिच्याखाली ॲसिड अडकतं आणि बोट सुजलं की ती निघत नाही. ही अंगठी ओडेलियाने नवरा गेला तेव्हाही काढली नव्हती. ओल्या बोटावरून ती सहज निघाली. एवढी सहज निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

पाणी चालू.

खाण्याचा सोडा लावू का, हे ओडेलियाने विचारलं. पठारावर बॅटऱ्यांच्या पेटीशेजारी सोड्याचं खोकं असतंच. कारण तर्कशुद्ध होतं: सोडा लावला की ॲसिड मरतं, ॲसिड मेलं की पाणी बंद करता येतं.

"हातावर अजिबात नाही," मार्लीस म्हणाली. "तो ॲसिडशी लढताना तापतो. भाजलेल्यावर आणखी भाजेल. सोडा जमिनीला, पाणी तुम्हाला. मलम नाही, लोणी नाही, चोळायचं नाही."

लोण्याचं कोणी काढलंच नव्हतं. ओडेलियाच्या मनात मात्र आलं होतं.

नळीतून पाणी पडत राहिलं. व्हर्जिलने मार्लीसला तिच्याकडे पाऊस कसा आहे ते विचारलं. मार्लीस म्हणाली की तिच्या खोलीला खिडकी नाही. ओडेलियाला क्षणभर त्या बाईबद्दल फार वाईट वाटलं.

टाकीचा आवाज बदलत होता. कोणी वाजवली नव्हती, पण इतक्या वर्षांत ओडेलियाला टाकी न वाजवताही ऐकू यायची. काठोकाठची मध्यावर आली होती. अर्ध्या टाकीवर बर्नाडेट काही बोलली नसती. अर्ध्या टाकीचा बचाव करता आला असता.

आणि तेव्हा रस्त्याच्या टोकाला धूळ उठली.

पठारावर गाडी दिसायच्या बरीच आधी तिची धूळ दिसते. पाहुण्यासाठी कॉफी ठेवायला, भांडण मिटवायला किंवा मागच्या दाराने निघून जायला पुरेल एवढा वेळ मिळतो. ओडेलियाने त्या वेळात तोटी बंद केली.

व्हर्जिलने ती उघडली.

ओडेलियाने बंद केली.

"अर्धा तास झाला नाही," तो म्हणाला.

"बरं वाटतंय आता."

"ते पाण्यामुळे वाटतंय."

"व्हर्जिल, ती आधी टाकी वाजवते. ढोल वाजला की मी गेले. तुझं काय जातंय? घर माझं जाणार."

"हातही तुमचाच जाणार."

"हात बाहीत झाकून जाईल. पूर्ण बाह्यांचा दुसरा ब्लाउज आहे माझ्याकडे."

व्हर्जिलच्या मनात आलं की बाईंचं म्हणणं खोटं नाही. टाकी अर्धी, दिवे लागतात, फ्रीज चालतो, आई पांढऱ्या ब्लाउजमध्ये. संध्याकाळपर्यंत कळ काढली की हिवाळा आपला. तो तोटीपासून एक पाऊल मागे गेला. बाई गेल्या तर त्याला पठारावर बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

धूळ जवळ येत होती.

"पाणी चालू आहे का?" फोनमधून मार्लीसने विचारलं.

"आहे," ओडेलिया म्हणाली.

"मला आवाज येत नाहीये," मार्लीस म्हणाली.

तिच्या स्वरात राग नव्हता, शंकाही नव्हती. आवाज येत नव्हता, एवढंच तिने सांगितलं. ओडेलिया फोनकडे बघत राहिली. हाताची आग परत सुरू झाली होती, आणि आता ती मुंगी राहिली नव्हती. आपल्या घरामागे आपण झग्यात उभ्या आहोत आणि एका खिडकी नसलेल्या अनोळखी बाईशी पाण्याबद्दल खोटं बोलतोय, हे तिला दिसलं. ओडेलिया पाण्याबद्दल कधी खोटं बोलली नव्हती. बाकी बऱ्याच गोष्टींबद्दल बोलली होती.

तिने तोटी उघडली. स्वतः, उजव्या हाताने, शेवटपर्यंत फिरवून.

"आता येतोय," मार्लीस म्हणाली.

पाणी चालू.

बर्नाडेट गाडीतून उतरून रीतीप्रमाणे घरामागे आली. तिचं बोट टकटक करायला अर्धं वाकलेलं होतं. समोर आई झग्यात, शेजारी व्हर्जिल बॅटऱ्यांचे रबरी हातमोजे घालून, जमिनीवर कापलेला ब्लाउज, आणि वाळूत पाण्याचा ओढा. ह्या आईने बर्नाडेटला लहानपणी दात घासताना पेल्यात तळापुरतं पाणी दिलं होतं.

"आलीस?" ओडेलिया म्हणाली. "आत बस. बीन्स झालेत. माझं जरा आवरायचंय."

बर्नाडेटने पाण्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

"काय झालं?"

"बॅटरी."

बर्नाडेटने व्हर्जिलच्या हातून नळी घेतली. फोनवरच्या बाईला कोण आहात विचारलं, मार्लीसने सांगितलं, बर्नाडेटने किती वेळ झाला ते विचारलं. व्हर्जिलने खरं सांगितलं, मधला खंड धरून. मार्लीस म्हणाली की खंड पडला की आधीचं धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

पहिल्यापासून मोजता मोजता टाकीने मान टाकली. नळी खोकली, दोनदा हवा काढली, आणि पाण्याची धार दोऱ्याएवढी झाली.

आता टाकी वाजवायची गरज नव्हती. ढोल तिघांनाही ऐकू आला होता.

बर्नाडेट गाडीकडे पळत गेली आणि बाटल्यांचं पुडकं घेऊन आली. शहरातलं, दुकानातलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पिण्याचं पाणी. आईकडे पाणी असेल यावर तिचा भरवसा नव्हता म्हणून आणलेलं. ओडेलियाच्या मते बाटलीतलं पाणी हे मूर्खांचं पाणी. एरवी तिने त्यावर पाऊण तास घेतला असता. आता ती हात पुढे करून उभी राहिली. बर्नाडेट बाटली उघडायची, कोपरावर हळूहळू ओतायची, तोवर व्हर्जिल दुसरी उघडून ठेवायचा. मग व्हर्जिलचा कॅन. मग तो घरी जाऊन स्वतःच्या टाकीतला दुसरा घेऊन आला. मार्लीस आता पुरे म्हणाली तेव्हा अंगणात इतका चिखल झाला होता की पठारावर तो कोणी पाहिला असता तर फोटो काढला असता.

स्वच्छ कोरडं कापड हातावर सैल टाका, मार्लीसने सांगितलं, बांधू नका, आणि डॉक्टरला दाखवा, आजच. पांढुरकं दिसतंय ते त्यांनी बघितलं पाहिजे. ओडेलियाने तिचे आभार मानले. खिडकीची चौकशी कर, असंही सांगितलं. कोणाकडे तरी मागून बघ.

गाडीत.

ओडेलिया कापड टाकलेला हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती, बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये; पूर्ण बाह्यांचा तिने घरीच ठेवला होता. डांबरी रस्ता लागल्यावर बर्नाडेट म्हणाली:

"त्या बाईने विचारलं नसतं तर?"

ओडेलियाने खिडकीबाहेर बघून घेतलं.

"तोटी बंदच ठेवली असती."

"आणि मला?"

"तुला बीन्स वाढले असते."

"हात पोळत असताना."

"उजव्या हाताने."

बर्नाडेटने गाडी बाजूला घेतली, थांबवली. ती हसतेय की काय, हे ओडेलियाला बाजूने कळेना. हसत नव्हती.

"टाकी मी वाजवते ना आई, ती पाण्यासाठी नाही वाजवत. तू पाणी असून वापरत नाहीस. मला वाटतं एक दिवस मी येईन, टाकी भरलेली असेल, आणि तू..." तिने वाक्य सोडून दिलं.

ओडेलियाला बरंच काही म्हणता आलं असतं. आपण तोटी स्वतः उघडली, हे तर खरंच होतं. पण मध्ये बंदही आपणच केली होती, तेव्हा तो मुद्दा कापला जात होता.

"एकटी कशी ठेवू तुला तिथे?" बर्नाडेट म्हणाली. "सांग तूच."

"एकटी नको ठेवूस," ओडेलिया म्हणाली. "येत जा. महिन्यातून एकदा बॅटऱ्यांना पाणी घालायला. मी खुर्चीत बसून सांगीन. हातमोजे तू घालायचेस."

"महिन्यातून एकदा? तो रस्ता?"

"पाणी तुला हवं तेवढं ओत. मी बघणार नाही."

बर्नाडेटने गाडी चालू केली. हो म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर तरुण होता. त्याने भिंग लावून हात पाहिला, पुन्हा सलाईनने धुतला, पांढुरक्या जागेवर पट्टी लावली. डाग राहील, हात राहील, असं त्याने सांगितलं. चांगलं धुतलंत, असंही म्हणाला. ओडेलियाने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बाहेर काचेमागे बसलेल्या मुलीने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग विचारलं, पेशंट राहतात कुठे?

ओडेलियाने ते उत्तर मुलीवर सोडलं. ती बर्नाडेटकडे बघतही नव्हती, समोरच्या भिंतीवर डेंग्यूच्या पोस्टरमधल्या डासाकडे बघत होती.

बर्नाडेटने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पठारावर," ती म्हणाली. "डांबरी सोडली की गुरांचं दुसरं फाटक ओलांडायचं. पुढे गंजलेली शाळेची बस आहे, तिथून डावीकडे. निळ्या दाराचं घर."

मुलगी म्हणाली की घर नंबर हवा.

"नंबर नाहीये. तिथेच राहते ती."

"बस नाहीये आता," ओडेलिया डासाकडे बघत म्हणाली. "वर्ष झालं नेऊन. नुसतं डावीकडे सांग."